दाबलेल्या हवेतले पाणी

पावसाळ्याच्या दिवसांत पंक्चरच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहिलात, तर एक गोष्ट तुमच्या नजरेस पडेल. दुकान बंद करण्यापूर्वी दुकानदार कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा लहानसा कॉक उघडतो. फुस्स असा आवाज होतो आणि टाकीतून तांबूस, गढूळ पाण्याची पिचकारी बाहेर पडते. टाकीत कोणी पाणी ओतलेले नसते. दिवसभर तीत भरली गेली ती केवळ हवा. मग हे पाणी आले कोठून? आणि ते तांबूस का?

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शोधताना बाष्पाचा दाब, दवबिंदू, सुप्त उष्णता अशा पाठ्यपुस्तकातील कितीतरी गोष्टी एकदम कामाला येतात. शिवाय ज्यांचे पोट दाबलेल्या हवेवर चालते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न चांगलाच महत्त्वाचा आहे. कसा तो पाहू या.

निघोज्यातील एक शेड

पुण्याहून नाशिककडे जाताना मोशी ओलांडून इंद्रायणीच्या पलीकडे गेले, की खेड तालुका लागतो. याच तालुक्यात निघोजे हे गाव आहे. (कुकडी नदीतील रांजणखळग्यांसाठी प्रसिद्ध असलेले पारनेर तालुक्यातील निघोज ते वेगळे.) महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्या महामंडळाची चाकण येथील वसाहत पसरत पसरत निघोज्याच्या शिवारापर्यंत आली आहे. महिंद्रचा मोटारींचा कारखाना निघोज्यात आहे, तर मर्सिडीज-बेंझचा कारखाना निघोजे आणि शेजारचे कुरुळी या दोन गावांच्या हद्दीत आहे. अशा मोठ्या कारखान्यांत मोटारीला रंग देण्यासाठी लागणारी हवा स्वतंत्र यंत्रांनी सुकवून घेतात.

परंतु मोठ्या कारखान्यांच्या आसपास लहान कामे करणारे पुष्कळ असतात. समजा, निघोज्यात एका घराच्या मागे पत्र्याची शेड आहे. तीत एक लेथ, एक ग्राइंडर, दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर, त्याची १६० लिटरची टाकी आणि एक स्प्रे गन आहे. कारखान्यांच्या यंत्रांवर बसणारी पत्र्याची झाकणे येथे रंगवून मिळतात. रंगाचा हात चालू असताना स्प्रे गनमधून हवेबरोबर पाण्याचा एक थेंब आला, तर त्या जागी रंग धरत नाही. बारीक खळगे पडतात किंवा पुढे फोड येतात. मग झाकण घासून, पुसून पुन्हा रंगवावे लागते. वीस झाकणांपैकी पाच परत आली, की त्या दिवसाची मजुरी गेलीच म्हणून समजा.

शेडच्या मालकाने यावर उपाय म्हणून टाकीला लागूनच पाणी पकडणारी गाळणी, म्हणजे बाजारात ज्याला ‘वॉटर सेपरेटर’ म्हणतात ती, बसवली. तरीही पावसाळ्यात थेंब यायचे थांबले नाहीत. गाळणी तर उत्तम स्थितीत आहे. मग चूक कोठे आहे? याचे उत्तर गाळणी उघडून पाहून मिळणार नाही. त्यासाठी हवेतील बाष्पाचा थोडा हिशेब करावा लागेल.

तुमच्या वर्गात किती पाणी आहे?

हवेत पाण्याची वाफ असते हे तुम्हांस ठाऊक आहे. एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती वाफ राहू शकते, हे त्या जागेच्या तापमानावर ठरते. त्याहून अधिक वाफ असली, तर जादा भागाचे पाणी होते. या कमाल मर्यादेस पोचलेल्या वाफेला संपृक्त बाष्प म्हणतात. निरनिराळ्या तापमानांस ही मर्यादा किती असते, ते पुढे दिले आहे. हे आकडे एका घनमीटरमागे ग्रॅममध्ये आहेत.

३ अंश सेल्सिअस : ६
१० अंश : ९
२० अंश : १७
२४ अंश : २२
२८ अंश : २७
३८ अंश : ४६
५० अंश : ८३
६० अंश : १३०

तापमान दहा-अकरा अंशांनी वाढले की मर्यादा जवळजवळ दुप्पट होते, हे लक्षात ठेवा.

आता जुलै महिन्यातील एक दुपार घेऊ. तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के आहे. २८ अंशांना मर्यादा २७ ग्रॅमची; तिचे ८० टक्के म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. तुमचा वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असेल, तर त्यात १६८ घनमीटर जागा आहे. म्हणजे या क्षणी वर्गात सुमारे ३,७०० ग्रॅम, जवळजवळ पावणेचार लिटर पाणी तरंगत आहे! ते दिसत नाही, कारण ते वायुरूप आहे. हीच हवा निघोज्याचा कॉम्प्रेसर आत ओढतो.

डाल्टनने काय सांगितले?

‘हवा पाणी धरून ठेवते’ असे आपण बोलताना म्हणतो. त्यामुळे असे वाटते, की हवा जणू स्पंज आहे; जितकी हवा अधिक, तितके पाणी अधिक मावणार. ही समजूत बरोबर नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे शिक्षकी करणाऱ्या जॉन डाल्टनने १८०१ मध्ये असे मांडले, की मिश्रणातील प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे देतो. दुसरे वायू तेथे आहेत की नाहीत, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. पाण्याच्या वाफेलाही हाच नियम लागू पडतो. एक घनमीटर जागेत २८ अंशांना २७ ग्रॅमच वाफ राहणार. मग ती जागा निर्वात असो, साध्या हवेने भरलेली असो, की आठपट दाबलेल्या हवेने भरलेली असो. (फार मोठ्या दाबांना थोडा फरक पडतो, आपल्या कामापुरता तो सोडून देऊ.)

म्हणजे मर्यादा हवेची नसून जागेची आणि तापमानाची आहे. ही एक गोष्ट नीट समजली, की पुढचा सर्व हिशेब सरळ आहे.

आठ घनमीटरचा हिशेब

शेडमधील दाबमापकावर ७ किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम, इतका दाब दिसतो. दाबमापक हा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे एवढेच दाखवतो. त्यात वातावरणाचा दाब मिळवला, म्हणजे टाकीतील हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे आठपट दाबलेली आहे असे दिसते. तेव्हा बाहेरची ८ घनमीटर हवा टाकीत १ घनमीटर जागेत मावते. हा कॉम्प्रेसर मिनिटाला २०० लिटर हवा ओढतो असे धरले, तर ८ घनमीटर हवा ओढण्यास त्याला ४० मिनिटे लागतील.

या ८ घनमीटर हवेबरोबर ८ गुणिले २२, म्हणजे १७६ ग्रॅम वाफ आत आली. जागा मात्र १ घनमीटरच उरली. तापमान २८ अंशच राहिले असते, तर त्यातील २७ ग्रॅम वाफ म्हणून राहिली असती आणि उरलेल्या १४९ ग्रॅमचे पाणी झाले असते. चाळीस मिनिटांत दीडशे ग्रॅम, म्हणजे एक लहान पेलाभर पाणी. टाकीतल्या पाण्याचे रहस्य हे असे आहे. कॉम्प्रेसर पाणी निर्माण करत नाही. तो केवळ वाफेची जागा हिरावून घेतो.

पण तापमान २८ अंश राहत नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक तापते, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा वेगाने आठपट दाबली आणि तिच्यातील उष्णता मुळीच बाहेर जाऊ दिली नाही, तर तिचे तापमान २८ वरून सुमारे २७० अंशांपर्यंत चढेल. कॉम्प्रेसरच्या सिलिंडरला पात्या असतात, पंखा वारा घालत असतो; त्यामुळे प्रत्यक्षात तापमान यापेक्षा कमी राहते. तरीही सिलिंडरमधून टाकीकडे जाणाऱ्या नळीला हात लावण्याचे धाडस करू नये. टाकीत शिरल्यावर हवा निवू लागते; पण कॉम्प्रेसर सलग चालू असला, तर टाकीतील हवाही कोमटाहून गरमच राहते. ती ५० अंश आहे असे धरू.

५० अंशांना मर्यादा घनमीटरला ८३ ग्रॅमची. तापल्यामुळे हवेने थोडी अधिक जागा घेतली, ती धरून ८९ ग्रॅम वाफ तशीच राहू शकते. म्हणून एकूण १७६ ग्रॅमपैकी ८७ ग्रॅमचे पाणी टाकीत साचते आणि ८९ ग्रॅम वाफ हवेबरोबर पुढे नळीत जाते. नळीतून स्प्रे गनपर्यंत जाताना हवा निवून २८ अंशांवर येते. आता २७ ग्रॅमच वाफ राहू शकते. उरलेल्या ६२ ग्रॅमचे पाणी नळीतच होते. ते पुढे वाहत जाते आणि थेट झाकणावर उडते.

गाळणी का हरली?

आता मालकाची गाळणी आठवा. तिच्या आत हवेला गरगर फिरवतात. पाण्याचे थेंब जड असल्यामुळे भिंतीवर आपटतात, ओघळतात आणि खालच्या वाटीत जमतात. ताक घुसळताना रवीचे शिंतोडे जसे बाहेरच्या बाजूस उडतात, तसेच हे. परंतु ही युक्ती थेंबांनाच लागू आहे. वाफेचे रेणू हवेच्या रेणूंत मिसळलेले असतात. ते कोणत्याही जाळीतून हवेबरोबर सहज निघून जातात.

टाकीला लागून बसवलेल्या गाळणीतून हवा गेली तेव्हा ती ५० अंशांची होती. पुढे ज्याचे पाणी व्हायचे होते ते ६२ ग्रॅम त्या वेळी वाफच होते. गाळणीने ते सोडून दिले यात तिचा काही दोष नाही. चोर अजून चोर झालाच नव्हता. पहारेकऱ्याने पकडावे कोणाला?

यावरून पहिला नियम मिळतो : आधी हवा थंड करावी, मग गाळणी लावावी. गाळणीची जागा टाकीजवळ नसून, नळीच्या त्या टोकाला आहे जेथे हवा निवलेली असते. तीच गाळणी आठ-दहा मीटर लोखंडी नळीनंतर, स्प्रे गनच्या अलीकडे बसवली, तर एक पैसाही न खर्चता ६२ ग्रॅमपैकी बहुतेक पाणी तिच्या वाटीत सापडेल.

दुसरा नियमही येथेच पाहून घेऊ. रंग देण्यासाठी ७ किलो दाब लागत नाही. नियंत्रक लावून तो ३ किलोपर्यंत उतरवतात. गाळणी नियंत्रकाच्या आधी बसवावी की नंतर? समजा, ७ किलोवर असतानाच हवा निवली आणि सर्व थेंब काढून घेतले. उरलेली हवा संपृक्त आहे, म्हणजे तिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के आहे. आता दाब ३ किलोवर आणला, तर तिला सुमारे दुप्पट जागा मिळते. वाफ तीच, जागा दुप्पट. म्हणून आर्द्रता ५० टक्के झाली. गनमधून बाहेर पडताना जागा मूळच्या आठपट होते आणि हवा पुन्हा शेडच्या तापमानाला आली, म्हणजे आर्द्रता अवघी साडेबारा टक्के भरते. भर पावसाळ्यात वैशाखासारखी कोरडी हवा! म्हणून पाणी मोठ्या दाबावर असतानाच पकडावे आणि नंतर दाब उतरवावा. हा क्रम उलटा केला, तर दाबण्यात झालेला फायदा हातचा जातो.

हवा थंड करावी कशी?

थंड करण्यासाठी नेहमीच मोठे यंत्र लागते असे नाही. सर्वांत साधा उपाय म्हणजे लांब धातूची नळी. रबराची नळी उष्णता फारच सावकाश बाहेर सोडते. लोखंडाची उष्णतावाहकता रबराच्या शेकडो पट आहे आणि तांब्याची लोखंडाहूनही कित्येक पट अधिक आहे. म्हणून टाकीपासून भिंतीवरून लोखंडी किंवा तांब्याची नळी फिरवतात. ती मीटरमागे सुमारे एक सेंटिमीटर उतरती ठेवतात, म्हणजे पाणी वाहत शेवटच्या टोकाशी जाते. तेथे खाली लोंबणारा एक आंधळा तुकडा आणि त्याला कॉक ठेवतात. गनसाठी फाटा काढायचा तो मुख्य नळीच्या वरच्या बाजूने, बगळ्याच्या मानेसारखा वळवून काढतात. पाणी तळाने जाते, हवा वरून घेतली जाते.

प्लॅस्टिकच्या पाण्याच्या नळ्या स्वस्त मिळतात म्हणून या कामी कधीही वापरू नयेत. पीव्हीसीची नळी उष्णतेने आणि काळाने ठिसूळ होते. आत हवा दाबलेली असताना ती फुटली, तर तिचे धारदार तुकडे गोळीसारखे उडतात.

दुसरा उपाय म्हणजे तांब्याच्या नळीचे वेटोळे करून त्यावर पंखा सोडणे, किंवा ते पाण्याच्या बादलीत बुडवणे. बादलीला किती उष्णता घ्यावी लागेल, तेही काढून पाहू. आपल्या ८ घनमीटर हवेचे वस्तुमान पावणेनऊ किलोग्रॅम भरते. ती ५० वरून २८ अंशांवर आणताना सुमारे १९० किलोज्यूल उष्णता निघते. त्याखेरीज ६२ ग्रॅम वाफेचे पाणी होताना तिची सुप्त उष्णता बाहेर पडते, ती सुमारे १५० किलोज्यूल. पाहा, इवल्याशा ६२ ग्रॅमची उष्णता पावणेनऊ किलो हवेच्या उष्णतेच्या जवळपास येते! दोन्ही मिळून ३४० किलोज्यूल झाले. २० लिटरच्या बादलीतील पाणी यामुळे चाळीस मिनिटांत ४ अंशांनी तापेल. बादली जितकी तापेल, तितकी हवाही गरम राहील. म्हणून अधूनमधून पाणी बदलले पाहिजे.

कोणी म्हणेल, वेटोळ्यावर ओले फडके गुंडाळले तर? माठातील पाणी गार होते, तशी नळीही गार होईल. मे महिन्यातील कोरड्या दुपारी ही युक्ती उत्तम चालते. नळी भोवतालच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांनी थंड होऊ शकते. जुलैत मात्र बाहेरची हवाच ओलसर असते. फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन मंदावते आणि जेमतेम दोन-तीन अंशांचा फरक पडतो. गरज असते तेव्हा ही युक्ती कामाला येत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गंमत घडते. मे महिन्यात ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना घनमीटरला ९ ग्रॅमच वाफ असते. आठ घनमीटरमधून ७२ ग्रॅम आत येते. टाकी ६० अंशांपर्यंत तापलेली असेल, तर त्या जागेत १३० ग्रॅमहून अधिक वाफ राहू शकते. म्हणून दिवसभर टाकीत एक थेंबही साचत नाही. ‘उन्हाळ्यात पाणी होत नाही’ असे मालक म्हणतो आणि कॉक उघडायचे विसरतो. रात्री टाकी २२ अंशांपर्यंत निवते, तेव्हा तीत शिल्लक असलेल्या हवेतील बरीचशी वाफ मुकाट्याने पाणी होऊन तळाशी बसते. उन्हाळ्यात कॉक उघडायचा तो सकाळी, काम सुरू करण्यापूर्वी!

त्याहून कोरडी हवा

काही कामांना एवढ्याने भागत नाही. तेथे शीतकयंत्राने हवा सुमारे ३ अंशांपर्यंत थंड करतात. शून्याखाली नेत नाहीत, कारण पाण्याचा बर्फ होऊन वाट बंद होईल. ३ अंशांना घनमीटरला फक्त ६ ग्रॅम वाफ उरते. यंत्रातून बाहेर पडणारी थंड हवा आत येणाऱ्या गरम हवेच्या नळ्यांवरून नेतात; त्यामुळे येणारी हवा आयती थोडी थंड होते आणि जाणारी हवा पुन्हा कोमट होते.

हवा थंड करून सुकवण्याची ही कल्पना जुनी आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात ओल्या हवेमुळे कागद फुगत आणि आकसत असे. त्यामुळे एका रंगाची छपाई दुसऱ्या रंगावर नीट बसत नसे. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने तेथील हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातील पाणी काढण्याची योजना केली. आजच्या वातानुकूलनाचा आरंभ याच कामातून झाला. म्हणजे आरंभी प्रश्न माणसाला गारवा देण्याचा नव्हता, कागद कोरडा ठेवण्याचा होता.

निघोज्याच्या शेडला शीतकयंत्र परवडणार नसेल आणि एखादेच काम विशेष नाजूक असेल, तर वेटोळे बर्फाच्या पाण्यात ठेवता येते. २८ अंशांवर आणलेली तीच हवा आणखी थंड करून ३ अंशांजवळ आणण्यास सुमारे २७० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. म्हणजे चाळीस मिनिटांच्या कामाला किलोभर बर्फ पुरतो. अर्थात गाळणी येथेही बर्फाच्या पुढे हवी.

तिसरी रीत अधिशोषणाची. वीज उपकेंद्रातील मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या कडेला काचेच्या नळकांड्यात निळे खडे तुम्ही पाहिले असतील. ते सिलिका जेल होय. त्याच्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर पाण्याचे रेणू चिकटतात. ओल शोषली, की निळे खडे गुलाबी होतात. ते तापवले की पुन्हा निळे होतात आणि पुन्हा वापरता येतात. निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा. ते विषारी असल्याने आता नारिंगी रंगाचे खडेही मिळतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकांच्या नव्या ट्रक-बसमध्येही असाच शोषक भरलेला डबा असतो. हिमालयातील घाटात ब्रेकच्या नळीत पाणी गोठले, तर काय होईल याची कल्पना करा.

पण सिलिका जेलही शेवटीच लावावे. ते आपल्या वजनाच्या एक चतुर्थांश पाणी घेते असे धरा. आपली १७६ ग्रॅम वाफ सगळी त्याच्यावर सोडली, तर चाळीस मिनिटांत ७०० ग्रॅम सिलिका जेल ओले होईल. हवा आधी २८ अंशांपर्यंत निववून थेंब काढले, तर उरलेल्या २७ ग्रॅमसाठी ११० ग्रॅम पुरते. शिवाय पाण्याचे थेंब थेट पडले, तर खडे तडकून त्यांचा भुगा होतो.

औषधांच्या कारखान्यात या कोरडेपणाचे मोल आणखी मोठे असते. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन देणारी बुरशी मोठ्या टाक्यांत वाढवताना तिला निर्जंतुक हवा अखंड पुरवावी लागते. ही हवा ज्या तंतूंच्या गाळणीतून जाते ती ओली झाली, तर जंतू अडवण्याची तिची शक्ती घटते. मग एका टाकीतील सर्व माल वाया जाऊ शकतो.

तांबूस पाणी काय सांगते?

आता सुरुवातीचा दुसरा प्रश्न. टाकीतले पाणी तांबूस असते, कारण त्यात गंज असतो. तो गंज येतो टाकीच्या पत्र्यातून. पाणी, लोखंड आणि दाबलेला ऑक्सिजन एकत्र आल्यावर गंज चढणारच. जितका गंज बाहेर आला, तितका तळाचा पत्रा पातळ झाला. बाहेरून रंग चकचकीत असला, तरी आतील झीज दिसत नाही.

१६० लिटरच्या टाकीत ७ किलो दाबाने भरलेल्या हवेत सुमारे दीड लाख ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पन्नास किलोचे सिमेंटचे पोते ३०० मीटर उंच नेण्यास एवढी ऊर्जा लागते. पत्रा फाटला, तर ही सारी ऊर्जा क्षणार्धात मोकळी होते. म्हणून टाकीचे पाणी रोज काढणे हे रंग चांगला बसावा एवढ्यासाठी नाही, तर माणूस सुखरूप राहावा यासाठी आहे. जुन्या टाकीची दाबाची चाचणी नेहमी तीत पाणी भरून घेतात. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्यामुळे टाकी फुटली तरी थोडे पाणी सांडते, स्फोट होत नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. टाकीची सुरक्षा झडप कोणी बांधून ठेवू नये, आणि दाबलेल्या हवेची नळी थट्टेनेही कोणाच्या अंगाकडे धरू नये.

करून पाहा

अठराव्या शतकाच्या मध्यास शार्ल ल रॉय या फ्रेंच वैद्याने भांड्यातील पाणी गार करत नेऊन बाहेरून दव केव्हा जमते ते पाहिले. तो प्रयोग तुम्हांला वर्गात करता येईल. एका चकचकीत स्टीलच्या पेल्यात साधे पाणी घ्या. त्यात तापमापक ठेवा. बर्फाचे लहान लहान तुकडे एकेक करून टाका आणि सावकाश ढवळा. पेल्याच्या बाहेरच्या अंगावर पहिली पुसट धूसरता दिसताच तापमान लिहून ठेवा. श्वास पेल्यावर पडू देऊ नका. मग बर्फ टाकणे थांबवा. धूसरता नाहीशी होताना पुन्हा तापमान पाहा. दोहोंची सरासरी हा त्या दिवसाचा दवबिंदू होय.

समजा, तो २४ अंश आला. वरील आकड्यांवरून हवेत घनमीटरला २२ ग्रॅम वाफ आहे हे लगेच कळते. जून ते मे असे वर्षभर दर सोमवारी हा दवबिंदू नोंदवा आणि त्याचा आलेख काढा. नंतर जवळच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये शिक्षकांबरोबर जा. आदल्या दिवशी कॉम्प्रेसर किती वेळ चालला ते विचारा आणि सकाळी टाकीतून निघालेले पाणी मालकाकडून मोजपात्रात घेऊन मोजा. तुमच्या हिशेबाने जेवढे पाणी झाले असायला हवे होते, त्यापेक्षा टाकीत कमी सापडेल. उरलेले पुढे नळीत गेले! ते किती आणि त्यासाठी गाळणी कोठे बसवावी, हे तुम्ही त्या मालकाला आता आकडे मांडून सांगू शकाल.